काकांचे ठोके

"माप न घेता, नजरेनंच शिवलाय गं. दंडात घट्ट वाटला तर सांग, उसवून देते," असं म्हणत शिंपीणकाकूंनी शर्टाचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि त्या खुर्चीत टेकल्या. दोन जिने चढून त्यांना धाप लागली होती. मागून काका मात्र शीळ घालत आले.

चाचणी विभागातली मुलगी लाजली. "अहो काकू, कशाला एवढं?"

"कशाला म्हणजे? माझा माणूस मला परत दिलास तू!"

यात काही खोटं नव्हतं. हृदयाचे ठोके आणि पावलं मोजणारे मनगटी पट्टे बाजारात आणण्याआधी कंपनीला ते साठीपुढच्या जोडप्यांवर तपासायचे होते. निवृत्त बसचालक काकांनी हौसेनं दोघांची नावं दिली. दोन सारखेच काळे पट्टे घरी आले. पावलं वाढावीत म्हणून काका दात घासतानाही घरभर फिरू लागले.

"तीस वर्षं बसून काढलीत, आता सगळी पावलं एकदम वसूल करताय होय?" काकू म्हणायच्या.

दहाव्या दिवशी या मुलीचा फोन आला. "काकू, घाबरू नका, पण काकांच्या ठोक्यांना ताळतंत्र नाहीये. आजच डॉक्टरांना दाखवा."

"मला काय धाड भरलीय?" काका हसले. पण काकूंनी मशीनवरचं काम तसंच टाकलं आणि त्यांना ओढतच नेलं. तपासणीत हृदयाची मोठी नळी जवळजवळ बुजलेली निघाली. आणखी आठवडा गेला असता तर आमच्या हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. नऊ दिवस काकूंनी घर आणि दवाखाना एक केला. स्वतःच्या जिवाकडे बघायला सवड कुणाला होती?

"तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत," काकूंनी डोळे पुसले.

मुलगी जरा घुटमळली. "काकू, आज मीच फोन करणार होते. ऑपरेशननंतर काकांचे ठोके सुधारतील असं वाटलं होतं, पण अजून तसेच आहेत. आज सकाळचेसुद्धा."

"आज सकाळचे?" काका मोठ्यानं हसले. "अगं, भरती करताना त्यांनी माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं. पट्टा तेव्हापासून कपाटात पडून होता. हा घे, परत द्यायलाच आणलाय."

मुलीनं पट्टा उलटा करून मागचा क्रमांक वाचला. मग वहीत पाहिलं. तो क्रमांक काकूंच्या नावापुढे होता.

ती टेबलाला वळसा घालून काकूंपाशी आली आणि त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याचा क्रमांक तिनं दोनदा वाचला.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "उठू नका. अशाच बसून राहा."