गोळीची मळमळ

कमरेचा पट्टा तिसऱ्यांदा पाठीवर बसला आणि सुगंधाला भडभडून ओकारी आली.

"वांझ ती वांझ, वर नाटकं करते!" म्हणत नवऱ्यानं पुन्हा हात उगारला.

सासू धावत मध्ये पडली. "थांब मेल्या! दिवस गेलेत तिला. माझ्या नातवाला मारशील!"

त्याच्या हातातला पट्टा गळून पडला. सुगंधानं भिंतीला टेकून पदरानं तोंड पुसलं. असल्या बापाचं मूल नको म्हणून तिनं परवाच दवाखान्यातून गुपचूप दिवस न राहण्याच्या गोळ्या आणून सुरू केल्या होत्या. "सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल. घाबरून बंद करू नकोस," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"हिला आजच माहेरी धाडते," सासू लेकाला म्हणाली. "तुझ्या हाताचा भरवसा नाही."

संध्याकाळी आईनं दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "विहीणबाईंचा फोन आला होता. पहिलटकरणीनं जपायचं हं!" आणि हसत लेकीच्या पोटाकडे हात नेला.

सुगंधानं पाठ फिरवली, पोलकं वर उचललं. "आई, पोटात काही नाही. हे बघ."

आईनं पाठीवरचे वळ पाहिले. मग तिनं लेकीला आत घेतलं आणि दाराला आतून कडी घातली.