पत्र्याचं गेट

पेणच्या खाडीकाठी बांधाला चिकटून एका शेठनं बंगला बांधला आणि बांधावरच्या वाटेला पत्र्याचं भलंमोठं गेट ठोकलं. तेव्हापासून धोंडुबाई आणि गावातल्या बायका चिंबोऱ्या-खेकडे धरायला चिखलातून वळसा घालून जात होत्या.

यंदाच्या उधाणात नेमका बंगल्यापुढचाच बांध फुटला. शेठ धावत गावात आला.

"मावशी, माणसं बोलवा. तुमचीपण शेतं बुडतील."

"येणार की. बांध गावाचा हाय," धोंडुबाई म्हणाली.

सगळं गाव घमेली घेऊन लोटलं. पण ओतलेला चिखल पाण्याबरोबर वाहून जात होता. भगदाडात आडवं घालायला काहीतरी हवं होतं. धोंडुबाईनं गड्यांना गेट दाखवलं. शेठ तोंड उघडेपर्यंत बिजागऱ्या निघाल्यासुद्धा. गेट भगदाडात घट्ट बसलं, त्याच्या आधारानं चिखल ठरला आणि पाणी थांबलं.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई टोपली घेऊन बांधावरून सरळ खाडीकडे निघाली. बुजवलेल्या भगदाडावर शेठ वाट अडवून उभा होता.

"आमचं गेट परत पाहिजे."

"उपसून न्या की, शेठ," त्याच्या बाजूनं पुढे जात ती म्हणाली. "तुमच्या पायाखालीच हाय."