सूर्यफुलांवरची जाळी

शरयू गेली तेव्हा परसातली तिची सूर्यफुलं जेमतेम गुडघ्याएवढी होती. विश्रामरावांनी आयुष्यात कधी झाडाला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, पण ही झाडं मात्र त्यांनी जिवापाड वाढवली. तिच्या हातची ती शेवटची पेरणी होती. बी राखून ठेवायचं आणि दर वर्षी पेरायचं, असं त्यांनी ठरवलं.

फुलं ताटलीएवढी झाली, बी भरलं आणि पोपट यायला लागले. विश्रामराव दिवसभर परसात खुर्ची टाकून बसले. टाळ्या वाजवल्या, डबा बडवला, तरी पोपट हटेनात. शेवटी त्यांनी बाजारातून नायलॉनची जाळी आणली आणि सगळ्या फुलांवर घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोपट जाळीत मान अडकून मेलेला दिसला. विश्रामराव कात्रीने एकेक दोरा कापत होते, तेवढ्यात शेजारच्या नफीसाभाभी कुंपणापाशी आल्या.

"हे काय केलंत, भाऊ?"

"सगळं बी खाऊन टाकत होते हो. तिची तेवढीच आठवण राहिलीय."

"अहो, वहिनी पोपटांसाठीच तर लावायच्या सूर्यफुलं! पोपट आले की मला हाक मारून दाखवायच्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

एकतीस वर्षं शरयू या परसात उभी असायची आणि विश्रामराव आत पेपर वाचत असायचे.

"ठाऊक होतं ना," ते म्हणाले, आणि भाभी आत जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.