सोफ्यावरच्या कुरडया

कुरडयांचा चीक शिजून तयार आणि गच्चीला कुलूप! वॉटरप्रूफिंग चाललंय म्हणे. शिजलेला चीक काही उद्यापर्यंत थांबत नसतो.

आमच्या घरात ऊन येतं ते फक्त हॉलच्या खिडकीतून, आणि तिथला पडदा हे कधी उघडू देत नाहीत. सोफ्याचा रंग उडतो ना! मी सर्रकन पडदा बाजूला सारला, सोफ्यावर प्लास्टिक अंथरलं आणि सोऱ्या दाबायला घेतला.

“अगं, माझा सोफा!” हे ओरडले.

“तुमचाच आहे. आधी हे खा.” दूध-साखर घातलेली गरम चिकाची वाटी मी हातात दिली.

हे खिडकीकडे पाठ करून बसले. दुसरी वाटी मागून घेतली. तोवर ऊन सरकलं आणि कुरडया सावलीत आल्या.

मी काही बोलायच्या आत ह्यांनीच उठून सोफा उन्हात ओढला.