पालथी वाटी

डोंगरातला लोकरी तंबू विकून बिश्केक शहरातल्या या एका खोलीत आल्या दिवशीच कोणीतरी दार वाजवलं होतं. हात पिठात होते म्हणून जुमागुल गावच्या सवयीने न बघताच म्हणाली, "या पाहुणे, बसा." आत कोणीच आलं नाही.

तेव्हापासून चहाला एक वाटी जास्त लागते. घरात ती, तिची धाकटी लेक चोल्पोन आणि सासू, एवढीच माणसं. तरी दारासमोरच्या मानाच्या जागेवरून एक वाटी रिकामी होऊन परत येते. तिथली गादी कायम गार असते.

"ओत गं," सासू मान वर न करता म्हणते. "पाहुणा वाटी पालथी घालेपर्यंत हात आखडता घ्यायचा नाही. आणि त्याला घरातलं काही आवडलं, तर नाही म्हणायचं नाही."

आज ती वाटी पालथी होती.

"सुटलो बाई एकदाचे!" सासू पुटपुटली.

चोल्पोन मात्र रिकाम्या गादीकडे बघून लाजत होती.

"आई, ते म्हणतायत, मी त्यांना फार आवडले. माझे बूट कुठे आहेत?"