सोयरिकीची माती

"कोणाला खरं वाटायचं नाही, हाजी," चहात आणखी साखर ढवळत मितवल्ली म्हणाला, "पण आमच्या शेतात काठी टेकून उभं राहायची सोय नाही. उचलेपर्यंत तिला पानं फुटतात."

हाजी दसूकी हसला नाही. मोठ्या लेकी त्यानं जावयांची माती पारखूनच दिल्या होत्या. आता धाकट्या सनिय्याची पाळी होती; मितवल्ली आपल्या पोरासाठी, शिहातासाठी, तिला मागायला आला होता.

"काठी राहू दे, अबू शिहाता. माती काढ."

मितवल्लीनं रुमालाची गाठ सोडली. त्याचं शेत बुरुल्लुस तळ्याच्या काठाला, उन्हाळ्यात मिठानं पांढरंफटक पडणारं. तिथली माती आणली असती तर शिहाता जन्मभर बिनलग्नाचाच राहिला असता. "कुठूनही आण, पण काळीभोर आण," एवढंच त्यानं पोराला बजावलं होतं. कुठून आणली ते विचारलं नव्हतं. न विचारलेलं खोटं अंगाला लागत नाही, असा त्याचा हिशोब.

हाजीनं एक ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडलं. विरघळायचं नाव नाही. तळाशी ठाण मांडून बसलं.

"अडेल आहे. हिच्यात मूळ शिरायचं नाही."

"कालवा फुटला तरी वाहून जात नाही, असं म्हणा की."

"पारखतोय कोण? तू की मी?"

हाजीनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. "खारट. अस्सल तळ्याकाठची."

मितवल्ली हबकला. परक्याची माती आपल्या रुमालात येऊन खारट कशी झाली, ते त्याला कळेना. तेवढ्यात रुमालात एक गांडूळ वळवळलं आणि त्याच्या जिवात जीव आला.

"बघा, माती कशी जिवंत आहे."

"उपाशी आहे ते. घर सोडून निघालंय बिचारं." हाजीनं हात झटकले. "असल्या मातीत मी मेलेलं गाढवसुद्धा पुरणार नाही, मुलगी कुठली देतोय? एकदा माझ्या शेतात ये, माती कशाला म्हणतात ते दाखवतो."

मितवल्ली रुमालाला गाठ मारू लागला. रिकामे पेले उचलायला आलेली सनिय्या दारातच थांबली होती.

"बाबा, ही शिहाताच्या शेतातली नाहीच."

मितवल्लीनं डोळे मिटून घेतले.

"मग कोणाच्या शेतातली?" हाजी गरजला.

"आपल्या. मीच खणून दिली त्याला."