तोडकाम

वर्षभर घरी माशा मारत बसल्यावर गवंड्याला एकदाचं काम मिळालं. भाविकच उरले नाहीत म्हणून गेल्या महिन्यात बंद झालेलं प्रार्थनाघर पाडायचं होतं. तिथे आता जिम होणार होती. त्याचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हताच, आईच्या डोक्यातलं ते खूळही त्यानंच काढलं होतं.

भाविक आपलं मागणं लिहून ज्या पेटीत टाकायचे, ती त्यानं पहारीनं उचकटली. आत एकच चिठ्ठी निघाली.

"वाच की," मुकादम हसत म्हणाला. "शेवटचा खुळा कोण होता, ते तरी कळू दे."

गवंड्यानं चिठ्ठी उलगडली. अक्षर आईचं होतं.

"पोरगा वर्षभर घरी बसलाय. कुठलंही चालेल, पण त्याच्या हाताला काम दे."